बाबांचं नाक आणि ग्वाटेमाला सिटी

आमच्या घरात सगळ्यांच्या नाकावर राग असतो, बाबांच्या नाकावर मात्र धंदा चालायचा. बाबा म्हणजे माझे सासरे. दुबईत येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एकच माल विकला, तो म्हणजे वेलची. ती येते थेट ग्वाटेमालाहून. जबल अली बंदरातल्या आमच्या गोदामात उतरते आणि तिथून इथल्या अरबांच्या घरी गहव्यात जाते. गहवा म्हणजे त्यांची ती पिवळसर, बिनदुधाची कॉफी. तिच्यात कॉफी नावाला आणि वेलची सढळ हाताने. त्यामुळे वेलचीत जरा काही कमीजास्त असलं की पहिल्याच घोटाला कळतं आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला फोन येतो.

माल बोटीत चढण्याआधी त्याचं सॅम्पल कुरियरने येतं. तेही दुबईशेजारच्या अजमानमधल्या आमच्या फ्लॅटवर, कारण बाबांचं म्हणणं, गोदामात शंभर वास. मग बाबा खिडकीपाशी बसणार. वेलदोडा तळहातावर चोळणार, कानाशी नेऊन हलवणार, नखाने फोडणार, हुंगणार, दोन दाणे दाढेखाली धरणार, आणि 'हां' किंवा 'नाही' एवढंच म्हणणार. त्या दिवशी घरात कर्फ्यू. उदबत्ती नाही, लसणाची फोडणी नाही, सेंट नाही. माझी लेक डिओ मारायला लिफ्टमध्ये जाते आणि लिफ्टमधले लोक आमच्या नावाने बोटं मोडतात.

तर या नाकाने गेल्या वर्षी दोनदा दगा दिला. दोन कंटेनर बाबांनी पास केले आणि दोन्हींना धुराचा वास निघाला. तिकडे डोंगरात वेलची लाकडाच्या भट्टीवर सुकवतात. भट्टीला भेग पडली की धूर मालात शिरतो, आणि मग तो काही केल्या जात नाही. गिऱ्हाइकांनी आम्हाला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

"बाबांचं नाक गेलंय," नवरा म्हणाला. स्वयंपाकघरात, हळू आवाजात.

"काहीतरीच काय."

"दोन वर्षांपूर्वी तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून. मी डॉक्टरकडे चला म्हटलं तर माझ्यावरच खेकसले."

प्रश्न नुसता मालाचा नव्हता. बाबा उठसूट म्हणायचे, "ज्या दिवशी नाक जाईल त्या दिवशी किल्ल्या टेबलावर ठेवीन आणि गावी जाऊन राहीन. फुकटचा पाहुणा होऊन इथे राहणार नाही." आणि बाबा बोलले की करतात, हीच तर पंचाईत. गावी आहे कोण? सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. भाऊ पुण्याला, बहीण नाशिकला. एक बंद घर आणि शेजाऱ्यांचं मांजर. इथे सकाळी नातीशी भांडण, दुपारी गोदाम, संध्याकाळी समुद्राकाठच्या कॉर्निशवर दोन मित्रांबरोबर फेरी. हे सगळं काढून घेतलं तर हा माणूस वर्षभरात संपेल, हे मला आणि नवऱ्याला दोघांनाही स्वच्छ दिसत होतं.

त्यातच बाबांनी जाहीर केलं, "यंदा रमजानचा माल मी स्वतः तिथे जाऊन बघणार." रमजानच्या आधीचे दोन महिने म्हणजे आमचा सीझन, नवऱ्याला गोदाम सोडून हलता येईना. तो मला म्हणाला, "तू जा बरोबर. आणि खरं काय ते बघून ये."

"म्हणजे मी हेरगिरी करू? माझ्या सासऱ्यांची?"

"मम्मा, धिस इज लिटरली स्पाइंग," लेक फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली.

खरं सांगू? मला मजाही वाटली. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण अजमान ते सांगली आणि सांगली ते अजमान यापलीकडे मी फारशी गेले नव्हते.

दुबई ते माद्रिद, माद्रिद ते ग्वाटेमाला सिटी. उतरेपर्यंत माझे पाय सुजून भाकरी झाले होते आणि बाबा मात्र ताजेतवाने. विमानतळाच्या बाहेर आलो तर हवा अशी गार, हलकी, की मी तिथेच उभी राहिले. जानेवारी महिना, ऊन होतं, पण घाम नाही. अजमानला आपण एसीतून एसीत उड्या मारत जगतो, हे अशा ठिकाणी गेल्यावरच कळतं. हॉटेलच्या खिडकीतून समोर चक्क ज्वालामुखी. एक शांत, आणि त्याच्या शेजारचा मधूनमधून धुराचा भपकारा सोडणारा. खाली एवढं मोठं शहर, ट्रॅफिक जाम, मॉल, बँका, आणि कुणी मान वर करून त्याच्याकडे बघेल तर शपथ.

शहराचे भाग नुसते आकड्यांनी ओळखतात. झोन एक, झोन चार, झोन दहा. बाबांना हे फार आवडलं. "बघ, नाव लक्षात ठेवायची भानगड नाही." आम्ही राहिलो होतो झोन दहामध्ये, काचेच्या इमारती आणि उंची दुकानं. तिथे कोपऱ्यावरच्या बेकरीच्या दारात एक माणूस बंदूक घेऊन उभा. लांब नळीची खरीखुरी बंदूक. मी बाबांच्या मागे लपले. बाबा त्याला "गुड मॉर्निंग" म्हणून आत गेले, दोन गोड पाव घेऊन आले आणि म्हणाले, "पाव बरा आहे, पण बंदूक लावण्याइतका नाही."

एक गोष्ट मात्र माझ्या पचनी पडेना. जगाला वेलची पुरवणारा देश, आणि अख्ख्या शहरात वेलचीचा दाणा नाही! कॉफीत नाही, मिठाईत नाही, भातात नाही. हॉटेलात मी चहा मागवला आणि पर्समधून वेलदोडा काढून त्यात टाकला, तर वाढणारी बाई वाकून बघायला लागली. तिने तिच्या मैत्रिणीला बोलावलं. दोघींनी तो हातात घेऊन बघितला, हुंगला, हसल्या आणि अदबीने परत दिला. मी म्हटलं, अगं बायांनो, तुमच्याच डोंगरातला आहे हा, माझ्या सासऱ्यांनी याच्यावर घर बांधलंय! अर्थात मराठीत म्हटलं, त्यामुळे त्या अजूनच हसल्या.

पहिला दिवस रविवार. सॅम्पल सोमवारी बघायचं होतं, म्हणजे हेरगिरीला मला अख्खा दिवस मोकळा. आम्ही झोन एकमध्ये गेलो, जुन्या गावात. मोठा चौक, एका बाजूला हिरवट दगडाचा राजवाडा, दुसऱ्या बाजूला कॅथेड्रल, मध्ये फुगेवाले, कबुतरं, आयाबाया, पोरं. चौकातून निघालेल्या रस्त्यावर गाड्यांना बंदी, सगळं गाव हातात आइस्क्रीम घेऊन फिरतंय. कॅथेड्रलच्या मागे जमिनीखाली बाजार आहे. जिना उतरलो आणि वासांचा लोंढाच अंगावर आला. मी मनात म्हटलं, चला, परीक्षा सुरू.

"बाबा, कसला छान वास येतोय ना?"

"फुलांचा," बाबा म्हणाले.

जरा पुढे जाऊन, "आणि हा?"

"कातड्याचा. चपला बघ केवढ्या."

"आणि आता?"

"सुक्या मिरच्या. अगं, तुला सर्दी झालीय का? मला कशाला विचारतेस?"

सगळी उत्तरं बरोबर! मी खूश. दहा पावलं गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला की फुलांच्या दुकानासमोर उभं करून फुलांचा वास विचारला तर दगडसुद्धा बरोबर सांगेल. कपाळ माझं. मग मी झाकण लावलेला गरम पेला विकत घेतला आणि त्यांच्या नाकासमोर धरून म्हटलं, "ओळखा बघू काय असेल?" बाबांनी शांतपणे झाकण उघडलं, आत बघितलं, एक घोट घेतला आणि म्हणाले, "मक्याची लापशी. गोड आहे." आणि सगळी पिऊन टाकली. हेर म्हणून माझी लायकी एवढीच.

सोमवारी सकाळी मालवाल्यांकडे. हा व्यवसाय चालवते एक साठीची बाई, आखूड पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं फटाफट. इंग्रजी येतं, शिवाय गल्फच्या गिऱ्हाइकांकडून शिकलेले चार अरबी शब्द ती कुठेही पेरते. "हबीबी!" म्हणून तिने बाबांचे दोन्ही हात धरले. बाबा लाजले. चाळीस वर्षांत मी... म्हणजे अठरा वर्षांत मी त्यांना लाजताना बघितलं नव्हतं.

सॅम्पलची खोली वरच्या मजल्यावर. पांढरं टेबल, मोठी खिडकी, पंखा बंद, आणि ओळीने सात ट्रे. मी आदल्या दिवसापासून कांदा-लसूण खाल्लं नव्हतं, साबणसुद्धा बिनवासाचा. ही बाबांची शिस्त, बरोबर येणाऱ्यालाही लागू. त्यांनी काम सुरू केलं. चोळणं, कानाशी हलवणं, फोडणं, हुंगणं. मग फोडलेला वेलदोडा माझ्या हातात. "हे धर जरा." मी धरायची, सवयीने नाकाशी न्यायची. मग बाबांचं 'हां.' पहिला हां. दुसरा हां. तिसऱ्याला किंचित धूर होता, अगदी पुसट, लांबच्या शेकोटीसारखा. मी श्वास रोखला. बाबा म्हणाले, "नाही."

माझा जीव भांड्यात पडला! सातही ट्रे झाले, एकही चूक नाही. मी तिथल्या तिथे नवऱ्याला मेसेज टाकला, नाक ठणठणीत आहे, उगीच म्हाताऱ्यावर संशय घेतलास.

काम संपल्यावर बाईने कॉफी मागवली. बाबा खिडकीपाशी ज्वालामुखी बघत उभे होते. ती माझ्याकडे वाकून म्हणाली, "प्रत्येक ट्रेला ते आधी तुझ्या तोंडाकडे बघतात आणि मग बोलतात. आमच्याकडे माझ्या सासऱ्यांनी मला कधी काही विचारलंच नाही. नशीबवान आहेस."

मी कप तोंडापासून खाली आणला.

हे धर जरा. दोन वर्षं. त्याआधी कधी धरायला दिलं होतं? आठवेना. ताप येऊन गेल्यावर एक दिवस ते म्हणाले होते, "बस इथे माझ्याजवळ, शिकून ठेव." मला केवढा अभिमान वाटला होता! मी मैत्रिणींना सांगत सुटले होते की सासरे मला धंदा शिकवतायत. आणि ते दोन खराब कंटेनर पास झाले तेव्हा मी कुठे होते? सांगलीला. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला, दोन महिने. तेव्हा बघायला माझं तोंडच घरात नव्हतं. हे सगळं त्या खोलीत, हातात कप धरून, एका मिनिटात माझ्या लक्षात आलं.

नवऱ्याला काही कळवलं नाही. मन म्हणत होतं, उगीच कशावरून काय जोडतेस. खात्री करून घ्यायला हवी. दुसऱ्या दिवशी मंगळवारी दुसरा लॉट बघायचा होता, पाच ट्रे. मी ठरवलं, काहीही वास आला तरी तोंडावरची रेष हलू द्यायची नाही. रात्री हॉटेलच्या आरशासमोर उभी राहून सरावही केला. आज आठवलं की माझी मलाच चीड येते.

मंगळवारचे पहिले तीन ट्रे सुरेख होते. चौथ्याचा वेलदोडा माझ्या हातात आला आणि नाकाशी नेताच धूर. पुसट नाही, चांगला ठसठशीत. मी तोंड दगड केलं. मनात पाढे म्हटले. बाबा माझ्याकडे बघत होते. रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिले. पुन्हा एकदा बघितलं. मग हसून म्हणाले, "हां. उत्तम."

बाईने कागदावर खूण केली.

मला हवं ते मिळालं होतं. बाबा निवांत हात चोळत पाचव्या ट्रेकडे वळले होते. गप्प राहिले तर धुराचा माल रमजानच्या तोंडावर जबल अलीला पोचणार, आणि बाबांची चाळीस वर्षं पाण्यात. बोलले तर परक्या बाईसमोर त्यांच्या 'हां'ला 'नाही' म्हणायचं. आमच्या घरात नवऱ्यानेही कधी म्हटलं नव्हतं. आणि एकदा म्हटलं की झाकून ठेवायला काही उरणार नाही.

"बाबा," मी म्हटलं, "चार नंबरला धूर आहे."

ते वळले. "नक्की?"

"नक्की."

"मग आत्ता तू तोंड असं..." एवढं बोलून ते थांबले.

त्यांना कळलं. मला कळलंय हे त्यांना कळलं, आणि मी मुद्दाम त्यांना तोंडघशी पाडलं हेही. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला चाललं असतं. राग नव्हता. शाळेत उत्तर चुकल्यावर मुलं बघतात तसे ते माझ्याकडे बघत होते. कालपासून मला वाटत होतं की ते आम्हाला फसवतायत. पण त्यांनी तर माझ्यावर आंधळा विश्वास टाकला होता, आणि खोटं मी बोलले होते, तेही तोंडाने एक शब्द न बोलता. मला त्या खोलीत जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाबांनी घसा खाकरला. बाईकडे वळून आपल्या त्या हिंदी-इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, नंबर फोर कॅन्सल. माय मिस्टेक. दो साल से मेरा नाक काम नहीं करता. ये मेरी बहू है, नाक इसका है."

इंग्रजी होतं तेवढं तिला कळलं, उरलेलं त्यांनी नाकावर बोट ठेवून आणि माझ्याकडे हात करून समजावलं. तिने चार नंबरचा एक दाणा फोडून हुंगला, तोंड वाकडं केलं. "खलास," म्हणाली, आणि खूण खोडून टाकली. दुसरं काही विचारलं नाही. फार शहाणी बाई.

खाली रस्त्यावर टॅक्सीची वाट बघत आम्ही एका भिंतीच्या कट्ट्यावर बसलो. लाल बस धूर सोडत गेल्या. तेवढ्यात माझा फोन वाजला, नवरा. अजमानला रात्रीचे नऊ वाजले असणार. बाबांनी स्क्रीनवरचं नाव बघितलं आणि म्हणाले, "सांग त्याला. लपवू नकोस. मी परत गेल्यावर गावाचं तिकीट काढतो."

आणि माझं डोकं फिरलं.

"हॅलो," मी फोनवर म्हटलं, "नीट ऐक. कालचा मेसेज विसर. बाबांना वास येत नाही. दोन वर्षं झाली. मी सांगलीला होते ते दोन महिने सोडले तर माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी एकही लॉट चुकवला नाही, आणि मला पत्ताही लागू दिला नाही. वेलदोडा कानाशी हलवून किती सुकलाय ते मला सांगता येत नाही, तुला तर नाहीच नाही. रंग बघून डोंगराची कुठली बाजू ते त्यांना कळतं. मला फक्त वास येतो. तर सॅम्पल आम्ही दोघं बघणार. आणि गावी वगैरे कुणी जाणार नाही, मी जाऊ देणार नाही. कळलं?"

मग तो म्हणाला, "कळलं." आणि पुढे, "बाबा आहेत का जवळ? जेवले का विचार."

मी फोन ठेवला. बाबा समोर बघत होते. मला वाटलं, आता ओरडतील, की परस्पर ठरवणारी तू कोण. मी म्हटलं, "बाबा, सकाळी मी जे केलं त्याची मला लाज वाटते. माफ करा."

त्यांनी मान हलवली. खिशात सॅम्पलचे दोनचार वेलदोडे होते, त्यातला एक काढून फोडला आणि माझ्या तळहातावर ठेवला. या वेळी 'हे धर' म्हणाले नाहीत.

"चांगला आहे ना हा?"

"एक नंबर."

"कसा येतो गं वास?" ते म्हणाले. "पहिलं वर्षभर मला आठवायचा. फोडला की आपोआप आठवायचा, त्यावर मी काम भागवलं. आता आठवतही नाही."

चाळीस वर्षं ज्या माणसाने दुसरं काही हुंगलं नाही, त्याला वेलचीचा वास मी सांगायचा. मी दाणे नाकाशी धरले. डोळे भरून आले होते, त्यामुळे आधी नीट कळेना.

"आधी गार लागतं," मी म्हटलं. "नाकाच्या वर, कपाळापर्यंत. मग थोडं झोंबतं. मग गोड होतं, पण साखरेचं गोड नाही."

बाबांनी डोळे मिटले.

"सावकाश सांग," ते म्हणाले. "टॅक्सी येऊ दे आरामात."